मल्लप्पाअण्णांचा खेकडा काय म्हणतो

आमच्या चाळीतले मल्लप्पाअण्णा खेकडा गालाला लावून बसत.

खेकडा जिवंत असे. समुद्रकाठचा, शंखात राहणारा, जेमतेम अंगठ्याएवढा. सोलापुरात माणसांना नळाच्या पाण्यासाठी भांडावं लागतं, आणि या पाहुण्यांना घमेल्यात वाळू, वर ओलं पोतं, शिवाय वाटीत मिठाचं पाणी. असे चार-पाच होते. अण्णा त्यातला एक उचलत, जबड्याच्या हाडाला टेकवत, डोळे मिटत. मग शंख समोरच्याच्या कानाशी धरून विचारत, ‘काय म्हणतो?’

समोरचा काहीही सांगो, अण्णांचं उत्तर ठरलेलं, ‘असं म्हणतो व्हय. बरं बरं, समजलं.’

मला पहिल्या दिवशीच संशय आला. मला संशय येतोच, आमचं कामच ते आहे. आम्ही काही तरुण तेव्हा बुवाबाजी, हुंडा आणि हातभट्टी यांच्याविरुद्ध पत्रकं काढायचो, चौकात वाटायचो आणि प्रसंगी मार खायचो. अंगात येणाऱ्या बाया, अंगाऱ्याच्या पुड्या, लिंबू कापणारे महाराज सगळे बघून झाले होते. खेकडेवाला नवीन होता.

सुरुवात झाली ती नरसम्मापासून. ही आमच्या शेजारची विडी वळणारी बाई. तिचा मुलगा भिवंडीला यंत्रमागावर कामाला गेला होता आणि त्याची काही खबर नव्हती. ती सहज अण्णांच्या दारात टेकली. अण्णांनी शंख तिच्या कानाशी धरला.

‘काय म्हणतो?’

‘किर्र किर्र करतंय, अण्णा.’

‘मग हाय की. जित्ता हाय. रागावलाय थोडा.’

अण्णा खेकड्याबद्दल बोलत होते की मुलाबद्दल, हे कोणी विचारलं नाही. आठवड्याच्या आत मुलगा ट्रान्झिस्टर काखेत मारून हजर झाला. आईवर रागावलेलाही होता. झालं. रविवारी दुपारी अण्णांच्या दारात रांग लागू लागली.

अण्णांकडे अर्थांचा साठा तयार होता. किर्र म्हणजे रागावला. टक टक म्हणजे दुसऱ्याच्या शंखावर डोळा आहे. खरखर म्हणजे पोट भरलं. आणि काहीच आवाज नसला तर ‘इचार करतोय’. हे अर्थ घेऊन बायाबापड्या घरी जात आणि आपापल्या नवऱ्याला, सासूला, जेऊरच्या जमिनीच्या वादाला लावून बघत.

अण्णा पैसा घेत नसत. नारळसुद्धा नाही. माझा संशय त्यानं दुप्पट झाला. जो बुवा काही घेत नाही तो मोठा हात मारायला बसलेला असतो, असं मी त्या काळात एका पत्रकात जाड टाइपात छापलंही होतं.

शिवाय माणूस नोकरीला कुठे? मिलच्या गेटवर. आधी बरीच वर्षं विणकाम खात्यात मागावर होते, आता वॉचमन. गेटवरचा माणूस म्हणजे मालकाचा माणूस, हे आम्हांला पाठ होतं. पाठीमागून हाक मारली तर अण्णा ओ देत नसत. मी त्याला मग्रुरी म्हणायचो. समोर उभं राहून बोललं तर तुमच्या तोंडाकडे असे टक लावून बघत की दातात भाजी अडकली की काय असं वाटावं. त्यात आणीबाणीचं वर्ष. कोण कुणाचं नाव कुठे पोचवील याचा भरवसा नव्हता.

आम्ही चाळीसमोरच्या हॉटेलात बसून ठरवलं की या खेकडेवाल्याला उघडा पाडायचा. रविवारी, भर रांगेत पत्रक वाटायचं. अगदी हळू बोललो. अण्णा रस्त्यापलीकडे आपल्या कट्ट्यावर बसले होते. मधून बैलगाड्या, रिक्षा, सगळा गोंगाट.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा म्हणाले, ‘काय रे पत्रकवाल्या, रविवारी माझी मयत काढणार म्हणं?’

‘कोणी सांगितलं तुम्हांला?’

‘खेकडा म्हणाला की.’

म्हणजे आमच्यातच कोणी फितूर होता. मी सापळा लावला. वसंत हा माझा जुना मित्र, पत्रकांच्या छपाईचं तो बघायचा. त्याला एकट्याला नळापाशी नेलं. आसपास चिटपाखरू नव्हतं. अण्णा लांब, गल्लीच्या टोकाला उभे. वसंताला मी कुजबुजत एक थाप सांगितली, ‘पत्रकात आपण अण्णांचा फोटो छापतोय.’

संध्याकाळी अण्णा दाढी करून, धुतलेली टोपी घालून माझ्या दारात आले.

‘फोटो कवा काढायचा?’

वसंताचा निकाल लागला. आम्ही शपथ वगैरे मानत नाही, त्यामुळे बिचाऱ्याला कशाची शपथ घ्यावी तेही कळेना. त्याला आम्ही रीतसर ठराव करून मंडळातून काढला. जाताना तो एवढंच म्हणाला, ‘तुला उद्या तुझ्या सावलीचा संशय येईल.’ मी ते मनावर घेतलं नाही.

रविवारी रांग लागायच्या आत पत्रकाचं प्रूफ घेऊन मी अण्णांच्या खोलीत शिरलो. ते दाराकडे पाठ करून घमेल्यातली वाळू सारखी करत होते. मी दारातूनच सुरुवात केली. जनतेचं अज्ञान, त्यावर पोसलेली बांडगुळं, मालकवर्गाची चाकरी, काही शिल्लक ठेवलं नाही. शेवटी म्हणालो, आज हा दरबार बंद झाला नाही तर हे पत्रक चौकात लागेल आणि एक प्रत मिलच्या मॅनेजरच्या टेबलावर जाईल. इतकं मुद्देसूद भाषण मी नंतर कधी केलेलं नाही.

अण्णा वळले आणि दचकले.

‘कवा आलास रे?’

मला वाटलं, नाटक. मी प्रूफ तोंडासमोर धरलं आणि खडसावून वाचायला लागलो. दुसऱ्या वाक्याला अण्णांनी हात पुढे केला आणि कागदाची कड धरून खाली ओढली.

‘कागद खाली घे. तोंड दिसत न्हाय.’

मी थांबलो. मग अण्णांनीच दार लोटलं.

‘मागाच्या आवाजात कोन बोलतंय रे? सगळे व्हट बघूनच बोलत्यात. म्या बी शिकलो. मग एक दिवस मिलच्या बाहेर आलो तरी तसंच. सगळं बंद.’

‘पण गेटवर? भोंगा?’

‘भोंगा झाला की छपरावरची कबुतरं उडत्यात. त्ये बघून गेट उघडतो.’

सगळं सोलापूर ज्या भोंग्यानं उठतं तो या माणसाला ऐकू येत नव्हता आणि मिलला त्याचा पत्ता नव्हता. मी प्रूफ चुरगाळलं. माझ्या डोक्यात दुसरं पत्रक तयार झालं होतं, पहिल्यापेक्षा जहाल. कामगाराचे कान खाणारी मिल. मी तिथल्या तिथे मथळा सांगितला, या खेपेला तोंड समोर ठेवून.

अण्णा घाबरले. त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

‘तसलं काय करू नको. रिटायरला दोन वर्सं हायत. बहिरा वॉचमन कोन ठिवंल? घरी बसवतील उद्याच्याला. तुला छापायचंच आसंल तर पयलं छाप. बुवा म्हण, लबाड म्हण, चालंल. बहिरा म्हणू नको.’

दोन पत्रकं तयार, दोन्ही खरी वाटण्याजोगी, आणि एकही छापता येईना. आमच्या चळवळीत अशी वेळ कधी आली नव्हती. वसंताला परत घेण्याचा ठराव मी मांडला, पण कारण सांगता येईना म्हणून तो नामंजूर झाला. अण्णा गेल्या वर्षी सुखरूप रिटायर झाले. त्यांना विचारूनच हे लिहितो आहे.

त्या रविवारी, दार लोटलेलं असतानाच, मी विचारलं, ‘पण खेकडे कशाला, अण्णा? हे काय म्हणतात ते तुम्हांला ऐकू येत नाही.’

‘जबड्याला लावलं की थोडं कळतं. किर्र केलं की दाढ शिवशिवती.’ त्यांनी एक शंख उचलून दाखवला. ‘आमचा मेव्हणा ट्रकवर हाय, टेंभुर्णीला. त्यानं मालवनहून आणले आपल्या बहिणीला, माझ्या बायकुला. गंगव्वा कानाला लावायची आन् मला सांगायची, आज आसं म्हणतो, आज तसं म्हणतो. ती गेली. मग म्हटलं, दुसऱ्या कुनाला तरी इचारावं.’

‘त्यांना माहीत होतं? तुमच्या कानाचं?’

अण्णांनी मान हलवली. ‘सांगितलंच न्हाय. दिवसा तोंड बघून भागायचं. रातीला दिवा मालवला की ती बोलाय लागायची. म्या उठून दिवा लावायचो, तिचं तोंड दिसावं म्हणून. ती म्हणायची, राकेल काय फुकट येतंय व्हय? आन् परत मालवायची.’

‘मग?’

‘मग काय. म्या अंधारात व्हय, व्हय म्हणायचो.’ ते वाळूतल्या खेकड्यांकडे बघत होते. ‘कशाकशाला व्हय म्हटलं, आजून ठावं न्हाय.’

बाहेर रांगेतल्या बायांचं बोलणं सुरू झालं होतं. अण्णांना अर्थातच पत्ता नव्हता. त्यांनी हातातला शंख माझ्या कानाशी धरला.

‘काय म्हणतो?’

मी लक्ष देऊन ऐकलं. बराच वेळ ऐकलं. अण्णांची नजर माझ्या ओठांवर होती.

‘काही म्हणत नाही, अण्णा.’

‘न्हाय?’

‘नाही.’

त्यांनी शंख वाळूत ठेवला, दार पुन्हा उघडलं आणि स्टूल ओढून मला उजेडाकडे तोंड करून बसवलं.

‘मग तू बोल की,’ अण्णा म्हणाले. ‘कायबी बोल. सावकाश.’