तिसऱ्या अंकातलं दार

सहा महिने झाले, सुतारांचं कामात मन नव्हतं. एकाच मापाची कपाटं करून करून त्यांना लाकडाचाच वीट आला होता. मरगळ आली की माणसाने कला बघावी, प्रेरणा मिळते, असं बायकोने कुठेसं ऐकलं आणि एका रविवारी त्यांना चित्रांच्या संग्रहालयात नेलं. तिथे सुतारांनी एकही चित्र धड समोरून पाहिलं नाही. चौकटीचे सांधे कसे बसवलेत ते बघायला त्यांनी चित्रामागच्या फटीत डोकं घातलं आणि रखवालदाराने दोघांना बाहेरची वाट दाखवली.

"आता नाटक," बायको म्हणाली. "तिथे नुसतं बसायचं असतं. हलायचं नाही."

नाटक गंभीर होतं. संशयी नवऱ्याला कंटाळून नायिका घर सोडते, अशी गोष्ट. पहिल्या अंकात सुतारांनी डुलकी काढली, दुसऱ्यात ते सावरून बसले, तिसऱ्यात तर त्यांचे डोळेच पाणावले. नायिकेने बॅग उचलली, "मी चालले!" म्हणत दाराची मूठ ओढली. दार ढिम्म हललं नाही.

"मी खरंच चालले!" तिने पुन्हा ओढलं.

नवरा झालेल्या नटाचं पुढचं वाक्य ती गेल्यानंतरचं होतं. शेवटी तो म्हणाला, "मग जा ना." प्रेक्षकांत खसखस पिकली.

"खालची बिजागरी सुटलीय," सुतार पुटपुटले.

"गप्प बसा हो."

"अगं, दार खाली बसलंय. ओढून काय होणार? चौकट उखडेल!"

नायिकेने तिसऱ्यांदा निरोप घेतला आणि चौकटीला पाय लावून मूठ ओढली. अख्खी भिंत डुलली. आता मात्र सुतारांना बघवेना. बायकोने सदरा धरेपर्यंत ते खिशातला पेचकस काढून पायऱ्या चढलेसुद्धा.

"ताई, जरा सरका."

"तुम्ही... कोण?"

"सुतार."

नट मुरलेला होता. प्रसंग निभावून न्यायला तो गरजला, "अस्सं! म्हणजे हाच तो!"

गुडघे टेकून बसलेल्या सुतारांनी दचकून मान वर केली. "भलतंच काय बोलता साहेब! माझी बायको चौथ्या रांगेत बसलीय. विचारा तिला, मी यांना आज पहिल्यांदाच बघतोय!"

सगळं नाट्यगृह वळलं. बायको उठून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "खरंय!"

हशाने छप्पर उडायचं बाकी राहिलं. तेवढ्यात सुतारांनी बिजागरी कसली आणि दोन बोटांनी दार उघडून दाखवलं. "घ्या. आता कधीही उघडेल. म्हणजे जायची घाई नाही, ताई. आणि साहेब, संशय वाईट बघा. आत्ता माझ्यावर घेतलात, ठरला ना खोटा?"

नायिकेने बॅग खाली ठेवली. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि नाटक संपलं असं समजून पडदेवाल्याने पडदा पाडला.

आत नाटककार डोकं धरून बसला होता. "बारा प्रयोग ही बाई घर सोडून जातेय! आणि ह्यांनी तिला थांबवलं!"

"चुकलंच," सुतार खजील होऊन म्हणाले. "संसार मोडताना बघवलं नाही."

"बारा प्रयोगांत इतक्या टाळ्या कधी पडल्या होत्या?" नायिकेने विचारलं. नाटककाराने डोक्यावरचे हात काढले.

दुसऱ्या दिवशी, तोच प्रसंग दर प्रयोगात करायला म्हणून, सुतारांना तालमीला बोलावणं आलं. पण ते काही जमेना. "दार तर चांगलं आहे," ते सारखं म्हणत, "मग दुरुस्त काय करू?" शेवटी ते काम एका नटाला दिलं. चौथ्या रांगेतल्या बायकोचं काम मात्र तिघी नट्यांनी करून पाहिलं, एकीलाही ते "खरंय" साधलं नाही. नाटककार स्वतः सुतारांच्या घरी आला आणि बाईंना विनवून घेऊन गेला.

त्या आठवड्यात सुतारांनी कुणी न सांगता एक वस्तू केली: पुरुषभर उंचीचा आरसा, वेलबुट्टी कोरलेल्या सागवानी चौकटीत. त्याच्यासमोर उभी राहून बायको सकाळभर तालीम करते.

"खरंय. खरंय? खरंऽय! खरंय बाई."

"तिसरं," वेलबुट्टीवरून पॉलिशचा बोळा फिरवत सुतार म्हणतात. "तिसरं मनापासून वाटतं."