माझ्या सालचं नाणं

ताईनं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "मला बाबांचं बाकी काही नको. फक्त तुझ्या सालचं ते नाणं दे. जसं आहे तसं."

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? कपाट उघडलं असतं, नाणं काढून पिशवीत घातलं असतं आणि ताईची वाट बघत बसला असता. ताई कायमची लेकीकडे राहायला चालली होती, दूर. चाळीस वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच वस्तू. पण मी निवृत्त माणूस. निवृत्त माणसाला साधं काही सुचतच नाही.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. मी जन्मलो त्या वर्षी टांकसाळीनं संग्राहकांसाठी चांदीचं खास नाणं काढलं, आरशासारखं लख्ख. बाबांनी ते मागवलं आणि मग दरवर्षी एक, अशी चौदा नाणी झाली. (त्या नाण्यांनी बाजारात काही विकत घेता येत नाही, हे काका दर भेटीत न चुकता ऐकवायचा.) पार्सल आलं की येणाऱ्या रविवारी समारंभ. बाबा साबणानं हात धुणार, टेबलावर काळं कापड अंथरणार, आईनं जुन्या उशीच्या अभ्र्यातून शिवलेले पांढरे हातमोजे घालणार आणि ताईला नि मला म्हणणार, "लांबून बघायचं. श्वास बाजूला सोडायचा." बाजू कुठली ते न कळल्यानं मी श्वास सोडायचोच नाही. लालबुंद व्हायचो. मग ताई पाठीत धपाटा घालून मला चालू करायची.

पाहुणे आले की बाबा माझ्या सालचं नाणं काढायचे, पाहुण्याच्या हातात भिंग द्यायचे आणि मला बाहेर खेळायला पिटाळायचे. मग आतून हसण्याचा आवाज यायचा. किंमत सांगत असणार, हे मी तेव्हाच ताडलं होतं. तेच सगळ्यात महाग, म्हणजे ताईनं नेमकं तेच का मागितलं, यात न कळण्यासारखं काही नव्हतं. तिच्यावर माझा राग नव्हता. उलट मी ठरवलं, द्यायचंच तर असं द्यायचं की ताईचे डोळे दिपले पाहिजेत. ग्रेडिंग करून!

ग्रेडिंग म्हणजे नाण्यांची परीक्षा. कंपनीकडे नाणी पाठवायची, तिथले तज्ज्ञ भिंगातून तपासतात, सत्तरपैकी गुण देतात आणि पारदर्शक डबीत सीलबंद करून परत धाडतात. म्हटलं, चौदाही पाठवू. बाबांची हौस खुळी नव्हती, हे एकदा लेखी तरी होऊ दे. (काका नव्वदीचा आहे. त्याला वाचून दाखवायचं होतं.)

पाठवण्याआधी एकेक नाणं भिंगाखाली धरलं. तेरा नाणी निर्मळ. आणि माझ्या सालच्या नाण्यावर, अगदी आकड्याच्या शेजारी, तपकिरी डाग! असल्या परीक्षेला पोराला मळक्या तोंडानं पाठवायचं?

"काय करताय बेसिनपाशी?" बायकोनं विचारलं.

"काही नाही, दात घासतोय."

"कवळी तर टेबलावर आहे."

मग सांगावंच लागलं. टूथपेस्ट, मऊ ब्रश आणि शेवटी माझ्या बनियनचा तुकडा. डाग चिवट होता, पण मीही कमी नाही. वीस मिनिटांत नाणं असं चमकायला लागलं की त्यात मला माझ्या नाकातले केस दिसले.

"अहो, पण त्यांनी घासायला सांगितलंय का?"

"स्वच्छता काय सांगावी लागते?"

कुरिअरवाला पार्सल घेऊन गेला. तासाभरानं बायको फॉर्मची माझ्याकडची प्रत घेऊन आली. सूचना क्रमांक चार, ठळक अक्षरांत: नाणी कोणत्याही परिस्थितीत साफ करू नयेत. इथे एक कबुली देतो. मी बत्तीस वर्षं खिडकीमागे बसून लोकांचे फॉर्म, सूचना न वाचता भरले म्हणून परत केले. ऑफिसात मला पाठीमागे 'पुन्हा भरा' म्हणायचे. त्या दिवसापासून घरातही म्हणतात.

दीड महिन्यानं नाणी परत आली. बाबा जिंकले! अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर! एका नाण्याला चक्क सत्तरपैकी सत्तर. मी एकटाच खुर्चीत बसून रडलो, खोटं कशाला सांगू. वाटलं, आत्ता बाबा हवे होते. मग चौदावी डबी हातात घेतली. आतल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: श्रेणी नाही. पृष्ठभाग घासलेला.

लगेच फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या, फार गोड.

"सर, नाणं साफ केलं होतं का?"

"हो तर! चांगलं वीस मिनिटं."

"सर, म्हणूनच."

"मग आता पुन्हा होतं तसं करून देता का?"

बाई तितक्याच गोड आवाजात म्हणाल्या, "सर, दुसरं काही विचारायचंय?"

रविवारी ताई आली. मी सत्तर गुणांची डबी पुढे केली. "हे घे. सगळ्यात भारी."

"हे माझ्या साखरपुड्याच्या सालचं. मला तुझ्या सालचं हवंय."

"अगं, त्याला गुणच नाहीत."

"तुला तरी कुठे होते? आण."

आणलं. ताईनं पर्समधून बाबांचं भिंग काढलं (ते इतकी वर्षं तिच्याकडे होतं, हे मला तेव्हा कळलं), डबी खिडकीपाशी नेली, उलटीपालटी केली. तिचा चेहरा उतरत गेला.

"अंगठा कुठाय?"

"कुणाचा?"

"तुझा रे! दीड वर्षाचा होतास. बाबांचा डोळा चुकवून टेबलावर चढलास आणि ठप्पकन अंगठा लावलास. आम्ही म्हटलं, आता धरणी दुभंगणार. बाबांनी पुसायला कापड उचललं आणि तसंच खाली ठेवलं. म्हणाले, राहू दे, टांकसाळीत असं एकच आहे. पाहुण्यांना तेच तर दाखवायचे!"

"मला का नाही कधी सांगितलं?"

"सांगू नका म्हणायचे. कळलं तर हा उरलेल्या सगळ्यांवर लावत सुटेल."

बाबांनी जन्मभर हातमोजे घालून जपलेला अंगठा मी टूथपेस्टनं घासून टाकला होता. आणि वर बाबा पाहुण्यांना किंमत सांगतात, असं इतकी वर्षं मनात धरून बसलो होतो.

"चुकलो गं ताई," म्हटलं. आवाज लहानपणासारखा निघाला.

ताईनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि फर्मान सोडलं, "फोड डबी."

"सीलबंद आहे ती!"

"श्रेणी नसलेल्याचं कसलं आलंय सील? फोड."

बायकोनं हातोडी आणून दिली, जरा जास्तच उत्साहानं. तिसऱ्या घावाला डबी फुटली. (पहिले दोन टेबलाला लागले.) ताईनं नाणं रुमालावर ठेवलं.

"लाव अंगठा. त्याच जागी."

मी हात धुवायला निघालो, तर ओरडली, "धुवू नकोस! तेव्हा कुठे धुतला होतास?"

श्वास रोखून मी अंगठा टेकवला. उचलला. ताई भिंग लावून वाकली. मीही वाकलो. बायकोही वाकली. माझे डोळे भरून आले होते. बाबांची वस्तू बाबांना परत केल्यासारखं वाटत होतं.

"उमटला?" मी विचारलं.

"उमटला की. साल झाकलं, अर्धं नाणं झाकलं. बाबा म्हणायचे, बघा, केवढासा इवलासा अंगठा आहे! आता मी काय म्हणू?"

तिनं नाणं रुमालात नीट गुंडाळलं, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, चेन लावली आणि हात पुढे केला.

"हे माझ्यापाशी राहील. पण पाहुण्यांना दाखवायला ते सत्तरवालंही दे."