खैरनारांची खरी वाक्यं

खैरनार नानांनी माझ्याशी भांडण उकरून काढलं ते इंग्रजी शिकण्यासाठी.

सिडकोतल्या आमच्या कॉलनीत पाण्यावरून भांडणं रोजचीच. पण एका रविवारी, टाकी तुडुंब भरलेली असताना, वरच्या मजल्यावरचे नाना माझ्या दारात येऊन ओरडले, "पाणी चोरता का, सर?" मी चाटच पडलो. पुढं पंधरा दिवस त्यांनी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. सोळाव्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन आले, माझा हात हातात घेतला आणि लगेच वही पुढं केली. वहीत वाक्य होतं, 'टुडे आय बरीड द हॅचेट विथ माय नेबर.' बरी द हॅचेट, म्हणजे भांडण मिटवणं.

"आधी भांडण तर पायजे ना, सर," नाना म्हणाले. "त्याबिगर मिटवू काय?"

नाना मूळचे देवळ्याकडचे, सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर टर्नर. बावीस वर्षं काम केलं, हात असा की ड्रॉइंग न बघता माप काढावं. पण सुपरवायझर व्हायचं तर मुलाखत इंग्रजीत. म्हणून नव्वद सालाच्या आसपास ते माझ्याकडे आले. मी हायस्कूलात इंग्रजीचा मास्तर. तोवर मी कुणाशीही इंग्रजीत पाच मिनिटं बोललो नव्हतो, पण लाल पेन झकास चालवायचो. मी त्यांना गाइड दिलं आणि सांगितलं, रोज दहा वाक्प्रचार पाठ करा, अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा. मुलाखत घेणारे साहेब असल्या गोष्टींवर भाळतात, अशी माझी तेव्हा समजूत होती.

दुसऱ्या दिवशी नाना गाइड परत घेऊन आले. पहिल्याच वाक्यात कुणी रमेश आईच्या डोळ्यांतला तारा होता.

"हा रमेश कोण, सर? मी नाय वळखत त्याला. खोटं वाक्य मी नाय लिहिणार. आपल्यावर बेतलं तरच लिहायचं."

बस, तिथून आमच्या कॉलनीची दशा सुरू झाली. 'ॲट द इलेव्हन्थ अवर', म्हणजे अगदी शेवटच्या क्षणी, यासाठी नाना वीजबिलाच्या अखेरच्या दिवशी सकाळी दहापासून रांगेबाहेर उभे राहिले आणि खिडकी बंद होता होता आत घुसले. 'टर्न अ डेफ इअर', कानाडोळा करणं. त्यासाठी दोन दिवस बायकोच्या एकाही हाकेला ओ दिली नाही. तिसऱ्या दिवशी सिंधूताईंनी त्यांना धरून बसवलं आणि दोन्ही कानांत लसणीचं कढत तेल सोडलं. त्या दिवशीचं वाक्य मात्र झोकात होतं.

सिंधूताई चौथीपर्यंत शिकलेल्या. संध्याकाळी मी वाक्यावर बरोबरची खूण केली की नाना वर जाऊन ते त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे, मग मराठीत अर्थ सांगायचे. मुलाखतीचं बोलावणं येईपर्यंतच या रतीबाला चांगली चार-पाच वर्षं झाली. "दुसऱ्या बायकांचे नवरे पत्ते खेळतात," त्या मला म्हणाल्या होत्या, "आमचे वाक्य आणतात."

अखेर मुलाखत झाली. टेबलापलीकडे तिघं. लेथबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. टायवाल्यानं विचारलं, "फेदर इन वन्स कॅप. वाक्यात वापरा." म्हणजे शिरपेचातला तुरा, अभिमानाची गोष्ट. नानांनी बराच वेळ विचार केला आणि प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "नॉट येट, सर."

तिघं खो खो हसले. जागा मिळाली दोन वर्षांपूर्वी लागलेल्या एका इंजिनिअरला. त्याला लेथवर कापायचं हत्यार बांधायला नानांनीच शिकवलं होतं.

मी भडकलो. "अहो, काहीतरी ठोकून द्यायचं! 'माझा डिप्लोमा हा माझ्या शिरपेचातला तुरा आहे', एवढं सुचलं नाही?"

"डिप्लोमा कुठंय माझ्याकडं, सर?"

या माणसाचं काही होणार नाही, असं मी बायकोला त्याच रात्री सांगितलं. मला वाटलं, आता वही बंद होईल. झाली नाही. उलट दोन हजार साल उलटल्यावर वाक्यं भराभर यायला लागली, कारण आता प्रसंग मुद्दाम घडवून आणावे लागत नव्हते. कारखान्याला ऑर्डर नव्हत्या. ओव्हरटाइम बंद झाला तेव्हा पोटाला चिमटा घेण्याचं वाक्य आलं. नंतर एकदा, 'अवर कंपनी इज ऑन हर लास्ट लेग्ज.' कारखाना शेवटच्या घटका मोजतोय, असं एक माणूस माझ्यासमोर बसून मला सांगत होता. मी 'हर' खोडून 'इट्स' केलं आणि चहा मागवला. याची मला आजही लाज वाटते.

मग एका सकाळी कारखान्याच्या गेटवर कामगार कपातीची यादी लागली. दुपारी सिंधूताई खाली आल्या. आत या म्हटलं तरी दारातच उभ्या राहिल्या.

"सर, ते घरी येऊन म्हणले, मीच सोडली नोकरी. कंटाळा आला म्हणून. यादीत नाव हाय ते मला शेजारणीनं आधीच सांगितलं होतं. मी काय बोलले नाय." त्यांनी पदर सारखा केला. "आज ते खोटं वाक्य आणतील. बरोबर म्हणून द्या."

संध्याकाळी नाना आले. आंघोळ केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट. वही माझ्यापुढं सरकवली आणि स्वतः भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. 'आय वॉज टायर्ड, सो आय कॉल्ड इट अ डे.' दमलो, म्हणून आता पुरे म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एकही चूक नव्हती. ते कितीदा लिहून, खोडून, पुन्हा लिहून आणलं होतं कुणास ठाऊक.

मी खूण केली.

एरवी ते 'बरोबर हाय का' एवढंच विचारायचे. आज म्हणाले, "सर, ऐकणाऱ्याला खरं वाटंल ना?"

"वाटेल," मी म्हणालो.

ते जिना चढून गेले. थोड्या वेळानं वरून इंग्रजी वाक्य ऐकू आलं, मग अडखळत सांगितलेला मराठी अर्थ. मी लाल पेन हातात धरून तसाच बसलो होतो.

"बरं केलं," वर सिंधूताई म्हणाल्या. "लय दमले होते तुम्ही."