गुडघ्यावरची सुरकुती

वागळेकाका माणसाशी बोलताना त्याच्या डोळ्यांत बघत नाहीत, गुडघ्यांकडे बघतात.

चोआ चू कांगमधल्या आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये आमची पहिली भेट झाली ती अशीच. माझी सात वर्षांची सई गुलाबी लिओटार्ड आणि गुलाबी टाइट्स घालून बॅलेच्या क्लासला निघाली होती आणि उशीर केल्याबद्दल तिची आई, म्हणजे मुग्धा, तिला अस्सल पुणेरी मराठीत झापत होती. सत्तरी ओलांडलेले, अर्ध्या चड्डीतले एक गृहस्थ लिफ्टमध्ये शिरले, वाकले, चष्मा कपाळावर चढवला आणि सईचे गुडघे न्याहाळून म्हणाले, "नायलॉन! एक सुरकुती नाही. भाग्यवान आहेस पोरी."

"बाबा, धिस अंकल व्हेरी वीअर्ड ला," सई इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. पोरगी कधी खोटं बोलत नाही.

रमाकांत वागळे उभा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये राहिले, मग तुआसच्या एका शिपयार्डमध्ये. लग्न केलं नाही. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, पण या माणसाला मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. "इंजिनरूममध्ये बसलेला माणूस म्हणजे बंद पडलेला पंप," असं ते म्हणत आणि आमच्या हॉलमध्ये चहाचा कप घेऊन येरझाऱ्या घालत. मुग्धाचा जीव गालिच्यावर टांगलेला. फोनसुद्धा ते चालत चालतच करायचे. पलीकडून त्यांच्या रबरी सपातांची फटफट आधी ऐकू यायची आणि आवाज मागून यायचा.

काकांच्या लेखी जगाच्या इतिहासाचे दोनच भाग होते, नायलॉनच्या आधीचा आणि नायलॉनच्या नंतरचा. मधे एक महायुद्ध झालं, पण त्याचंही मुख्य काम नायलॉन पॅराशूटसाठी पळवणं आणि बिचाऱ्या नर्तिकांना रफू करायला लावणं, एवढंच.

"नायलॉनच्या आधी काय होतं?" मी एकदा चुकून विचारलं.

"सुरकुत्या!" काका गरजले. "सुती, रेशमी, नाहीतर लोकरी टाइट्स. दोनदा वाकलं की गुडघ्यावर पिशवी. मग त्या बायका काय करायच्या ठाऊक आहे? कमरेपाशी कापडात नाणं गुंडाळायचं, पीळ द्यायचा, वरून नाडी आवळायची. तेवढ्यापुरतं ताठ. आणि तशा अवस्थेत परी व्हायचं. तू होऊन दाखव."

मी व्हायचं नाकारलं.

त्यांच्या फ्लॅटमधली मोठी बेडरूम कपड्यांची होती. बंदराबंदरातून, बंद पडलेल्या नृत्यशाळांतून, म्हाताऱ्या शिक्षिकांच्या ट्रंकांतून गोळा केलेला पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा ऐवज. छातीवरून आडव्या बांधायच्या लोकरी बंड्या, सरावाचे आखूड झगे, पुढचं टोक दोऱ्याने घट्ट विणून मजबूत केलेले साटिनचे बूट. जाळीचा पांढरा टुटु, म्हणजे नर्तकीचा फुगीर आखूड घागरा, छताला उलटा टांगलेला, कारण सुलटा टांगला तर जाळी खाली मान टाकते म्हणे. एसी फक्त त्या खोलीत. काका स्वतः हॉलमध्ये पंख्याखाली घामाघूम होऊन झोपत.

एके रविवारी त्या टुटुला ऊन दाखवायची त्यांना हुक्की आली. इथल्या रिवाजाप्रमाणे त्यांनी तो बांबूला अडकवून बांबू स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर खोचला. वारा आला. अकराव्या मजल्यावरून तो टुटु गरगरत निघाला तो थेट खाली बुद्धिबळ खेळत बसलेल्या चिनी आजोबांच्या पटावर उतरला. वरून काही पडणं हा इथे गंभीर गुन्हा. काका धापा टाकत खाली पोचले तेव्हा आजोबा शांतपणे म्हणाले, "अंकल, युअर वाइफ्स स्कर्ट व्हेरी शॉर्ट ला."

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, तर त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षाच. ऑफिसला निघालेल्या मुलींच्या पायांत चपटे बॅलेरिना शूज दिसले की यांचा तोल सुटायचा. "बो बघ, बो! ती आतल्या नाडीची गाठ आहे! नाडी ओढून बूट पायाला घट्ट करायचा. हे स्टेजवरून रस्त्यावर आलेत, यांना पत्ताच नाही!" असं भर डब्यात, बोट दाखवून. मी पुढच्याच स्टेशनवर उतरायचो. माझं ऑफिस तिथून चार स्टेशनं लांब होतं.

त्या दिवाळीत आम्ही पुण्याला निघालो, तेव्हा काकांच्या येरझाऱ्या वाढल्या. दिवसातून तीनदा येत, बॅगांभोवती फिरत आणि काही न बोलता जात. शेवटी निघायच्या दिवशी सकाळी शर्टाच्या आतून एक तपकिरी पाकीट काढलं.

"सुमनताईला द्यायचं. माझी थोरली बहीण, पार्ल्याला असते. सोमवारी तिचा गुडघा बदलणार आहेत. त्याच्या आत पोचलं पाहिजे."

"काय आहे यात?"

ते खिडकीपर्यंत गेले, परत आले. "टाइट्स. नायलॉनच्या."

मग तुकड्यातुकड्याने, चालता चालता सांगितलं. तरुणपणी सुमनताई मुंबईत एका परदेशी बाईंकडे बॅले शिकायची. आईने सुती टाइट्स शिवून दिल्या होत्या आणि त्या गुडघ्यावर लोंबायच्या. काका पहिल्यांदा बोटीवर निघाले तेव्हा ताईने एकच मागितलं होतं, त्या नव्या ताणणाऱ्या टाइट्स. एप्रिलमध्ये तिचा मोठा कार्यक्रम होता. लंडनला त्यांनी त्या घेतल्याही.

"टपालाने पाठवल्या असत्या तर वेळेवर पोचल्या असत्या रे. पण मला ते पाकीट उघडताना तिचं तोंड बघायचं होतं. म्हटलं, आपली बोट मार्चमध्ये मुंबईला लागतेच आहे." ते थांबले. "बोट लागली जूनमध्ये. ताई त्याच सुती टाइट्समध्ये नाचली. मी पोचलो तोवर तिचं लग्न होऊन ती सांगलीला गेली होती. नाच बंद. मग कुठल्या तोंडाने देणार होतो? दिलं असतं तर जखमेवर मीठ चोळल्यासारखं झालं असतं."

"मग आता तुम्हीच जा की, काका."

"नको. पुन्हा तिचं तोंड बघायचा लोभ नको. या वेळी तू टपाल हो."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. पाकीट मी हातातल्या बॅगेत ठेवलं आणि विमानात तीनदा चाचपून पाहिलं.

रविवारी सकाळी मी पार्ल्याला गेलो. सुमनताई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, सुजलेला पाय स्टुलावर. रमाकांतने पाठवलंय म्हटल्यावर त्यांनी पाकीट उघडलं. कमरेचं इलॅस्टिक विरून गेलं होतं, त्याचा भुगा त्यांच्या मांडीवर सांडला. त्यांना काही सांगावं लागलं नाही. एकेक बांगडी उतरवून त्यांनी त्या टाइट्समध्ये हात घातला, पार दंडापर्यंत, आणि कोपर हळूहळू वाकवलं, सरळ केलं, पुन्हा वाकवलं.

"बघा," त्या म्हणाल्या, "एक सुरकुती नाही."

मी काकांचा सगळा अपराध सांगून टाकला. त्या ऐकत राहिल्या, मग कपाळावर हात मारला.

"वेडा आहे का हा? माझं लग्न कार्यक्रमाच्या आधीच ठरलं होतं. हा एप्रिल शेवटचा, असं अप्पांनी, आमच्या वडिलांनी, सांगितलेलंच होतं. हा बोटीवर, याला कोण कळवणार? आणि त्या सुरकुत्या घेऊन मी काय नाचले होते म्हणून सांगू! गुडघ्यांकडे बघायला वेळ कुणाला होता?" त्यांचा हात अजून टाइट्समध्येच होता. दुसऱ्या हाताने त्यांनी डोळे पुसले. "त्याला म्हणावं, बघायचाच असला तर माझा नवा गुडघा बघायला ये. सोबत तोंडही बघ."

जिन्यातूनच मी काकांना फोन लावला. पलीकडे सपातांची फटफट चालू होती. मी ताईंचा शब्द न् शब्द सांगितला, लग्न आधीच ठरल्याचं, कोपराचं, नव्या गुडघ्याचं. मधेच केव्हातरी फटफट थांबली. मग एक खुर्ची करकरली.

"काका? ऐकताय ना?"



"बसलोय रे," काका म्हणाले. "सांग परत. पहिल्यापासून सांग."