बत्तासरावांचा अपराध आणि तांबड्या गालिच्याची शुद्धी

ज्याने फुलास सुवास दिला आणि मांजरास स्वभाव दिला, त्या जगन्नियंत्यास हात जोडून ही हकीकत लिहिली. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर. ऐसे एक राज्य होते, तीन खोल्या, एक दिवाणखाना आणि वरती सामाईक गच्ची इतका त्याचा मुलूख. तेथे राणी चारुशीलाबाई आपल्या राजेसाहेबांसह नांदत होत्या, आणि त्यांच्या सासूबाई द्वारकाबाई आईसाहेब यांचा हुकूम चाले, आणि बत्तासराव नामे बोका, पांढऱ्या अंगावर दोन पिवळे ठिपके, राणीसाहेबांच्या पदराशी वाढला होता. दिवाणखान्यात तांबडा गालिचा होता. तो कैलासवासी थोरल्या महाराजांनी नोकरीच्या शेवटल्या वर्षी काश्मिराहून आणविला, म्हणून आईसाहेब त्यावर चहाची कपबशी तर काय, पेपरदेखील टेकू देत नसत.

मग लक्ष्मीपूजनाचे सायंकाळी खाली अंगणात सुतळी बॉम्ब फुटले आणि बत्तासरावांचे धैर्य गळाले, आणि जे व्हावयाचे ते गालिच्याच्या मधोमध जाहले. राणीसाहेब व्रतस्थ. पहाटे स्नान, मग तुळस, मग पूजा, आणि मग तांब्याच्या पळीने घरभर गोमूत्र शिंपडावे, ऐसा त्यांचा नित्यनेम. त्यांनी विचार केला की याहून मोठी शुद्धी कोणती, आणि तो नेम गालिच्यापर्यंत वाढविला. तो काय नवल, दुपारी बत्तासराव आले, जागा हुंगली, आणि तोच अपराध त्याच ठिकाणी पुन्हा केला. मग दुसरे दिवशी दोन पळ्या जाहल्या, तिसरे दिवशी तीन, आणि सकाळ-सायंकाळ. बत्तासरावांनीही कसूर केली नाही. मग धूप जाळिला, कापूर जाळिला, आणि राजेसाहेबांनी बाजारातून मोगऱ्याचा फवारा आणिला व मारिला, आणि बोलिले की आता मोगऱ्याखाली मांजर बसल्यासारखे वाटते, आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन बसले.

ऐसे होता होता त्रिपुरी पौर्णिमा आली. राणीसाहेबांच्या सोळा सोमवारांचे उद्यापन वद्य दशमीस होते, सोळा दांपत्ये त्याच गालिच्यावर बसून चुरम्याचा प्रसाद घेणार होती. आईसाहेबांनी नाकास पदर लावून फर्माविले, "उद्यापनाच्या आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, मी स्वतः नाक लावून बघेन. वास आला, तर तुझा तो सरदार सोमवारी पहाटे माझ्या भावाच्या गुळाच्या वखारीत उंदीर धरायला जाईल."

"वास जाईल, आई," राणीसाहेब हळूच बोलिल्या.

"पंधरा दिवस हेच ऐकतेय."

मग राणीसाहेब देवापुढे गेल्या आणि मनात संकल्प केला की गालिच्याचा वास जाईतो चहा वर्ज्य. चहा म्हणजे त्यांचा जीव की प्राण, परंतु कोणास सांगितले नाही. कपबशी पालथी घातली आणि पदर खोचिला. शनिवारी कढत पाणी आणि साबण घेऊन गालिचा घासिला, आणि वास दुणावला. रविवारी पुन्हा घासिला. डोके ठणकत होते, परंतु हात थांबला नाही.

मग बुधवारी जैनबबी पिंजारीण उद्यापनाच्या पाहुण्यांसाठी गाद्या पिंजावयास आली. तिने गालिच्याचा कोपरा उलटून हुंगिला आणि सांगितले की वास वरती नाही, पोटात आहे, आणि कढत पाण्याने तो आणखी आत बसला. मग तिची नजर पळीवर गेली, तिने पुसिले की हे केव्हा शिंपडता, आणि रोज दोन वेळा असे कळताच ओढणी तोंडावर धरून पुष्कळ हसली.

"ताई, रागावू नका. तुम्ही रोज त्याला चिठ्ठी टाकताय की इथं दुसरं जनावर येऊन गेलं. तो बिचारा इमानदारीनं रोज उत्तर देतोय."

राणीसाहेबांनी बत्तासरावांकडे पाहिले. ते पंजा चाटीत होते. मग राणीसाहेबांनी उठून पळी देवघरात ठेविली, आणि बोलिल्या, "नेम देवघरातच राहील. आता तू सांगशील तसं."

मग मोहीम निघाली. जैनबबीचे म्हणणे की माझ्या निम्म्या गाद्यांत लोकांची पोरं मुरलेली असतात, मला शिकवू नका. प्रथम थंड पाणी ओतिले आणि जुनी सुती धोतरे दाबून दाबून टिपिले, घासिले मुळीच नाही. मग व्हिनेगरात निम्मे पाणी घातिले, आधी एका कोपऱ्यास लावून रंग जातो की काय ते पाहिले, आणि मग पोटापर्यंत मुरेल ऐसे ओतिले, आणि घटकाभराने पुन्हा टिपिले. मग राजेसाहेबांनी एक टोक धरिले आणि राणीसाहेबांनी दुसरे, आणि गालिचा गच्चीवर नेऊन उन्हात पालथा घातिला. मग वाळल्यावर खाण्याचा सोडा पसरिला आणि दुसरे दिवशी झाडून काढिला. खालची फरशीही तैसीच धुतली. ऐसे शुक्रवारी पुन्हा केले, कारण राणीसाहेबांस थोडी शंका राहिली होती.

रविवारी सायंकाळी आईसाहेब आल्या. गुडघे वाजवीत खाली बसल्या, मधोमध नाक टेकविले, मग कडेस, मग उलट्या बाजूस. इतक्यात बत्तासराव स्वारी करून आले, तीच जागा हुंगू लागले. बत्तासराव एकदा फिरले, दोनदा फिरले, आणि आईसाहेबांच्या लुगड्याशी अंगाचे वेटोळे करून निजले.

आईसाहेबांनी त्यास पाहिले. मग बोलिल्या, "वखारीत तसे उंदीर फार नाहीत म्हणे." आणि उठताना राणीसाहेबांच्या खांद्याचा आधार घेतला. "तू बस. चहा मी टाकते. नऊ दिवस तुझी कपबशी पालथी आहे, मला काय दिसत नाही?"

येणेप्रमाणे गालिचा शुद्ध जाहला. सोमवारी सोळा दांपत्ये त्यावर जेविली आणि कोणास काही कळले नाही. गोमूत्राचा मान देवघरात राहिला, व्हिनेगरास फळीवर जागा मिळाली, आणि बत्तासरावांकडून त्यानंतर एकही उत्तर आले नाही. इति.