भामाबाईंचं पान

न्यू जर्सीहून कौस्तुभचा फोन आला तेव्हा हिम्मतरावांची अर्धी दाढी व्हायची होती.

"बाबा, आपली साइट ज्या फुकटवाल्या कंपनीकडे आहे ना, ती बंद होतेय. महिनाअखेर सगळं उडवणारेत."

"सगळं? आईचं पानसुद्धा?"

"डोंट वरी. मी नवीन सर्व्हर घेतलाय. सगळं तिकडे शिफ्ट करतो आणि डिझाइनपण बदलतो. तो हिरवा कलर एकदम बकवास आहे, बाबा."

हिम्मतरावांच्या हनुवटीला पातं लागलं. पाटबंधारे खात्यातून सुटल्यावर माणसं देवदेव करतात. यांनी अंबरपेठेतल्या घरी बसून घराण्याची वेबसाइट काढली होती. अकरा महिन्यांपूर्वी एका सोमवारी ते तिचा निळा रंग काढून हिरवा भरत होते. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरूनच चालायचं आणि ते चालू असलं की बाहेरचा फोन घरी लागत नसे. नेमक्या त्याच वेळी बेगम बाजारात धन्यांचा भाव करता करता भामाबाईंच्या छातीत कळ आली. दुकानदाराने घरी सात वेळा फोन लावला, सातही वेळा एंगेज. "अम्मा, दवाखाने चलो ना," तो म्हणत होता आणि भामाबाई "यांना येऊ द्या" म्हणत ओट्यावर बसून राहिल्या. तासाभराने त्याने उचलून ऑटोत घातलं, तोवर उशीर झाला होता.

हे पोराला तोंडाने सांगायची हिम्मतरावांची छाती झाली नाही. नावात हिम्मत असली म्हणून ती अंगात असतेच असं नाही. मग त्यांनी वहीत अकरा पानं लिहिली, एका बोटाने टाइप केली आणि साइटवर चढवली. शेवटचं वाक्य होतं, 'भामाला मी मारलं.' त्या दिवशी घरचं इंटरनेट काढून टाकलं आणि पोराच्या निकालाची वाट बघत बसले. निकाल आला, "खूप छान लिहिलंय, बाबा." फोनबद्दल अवाक्षर नाही. त्याने माफ केलं, की मनात धरलं? दहा महिने बिचारे टांगणीला लागले होते.

आठवड्याने कौस्तुभने कळवलं, शिफ्टिंग झालं. हिम्मतराव कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेले. पांढरीशुभ्र साइट उघडली. भामाबाईंचा फोटो झकास दिसत होता आणि त्याखाली, अकराही पानं, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, पौंडाच्या खुणा आणि उलटी प्रश्नचिन्हं यांची दाट खिचडी. मराठीचं एक अक्षर शिल्लक नव्हतं.

हिम्मतरावांनी पान खाली-वर सरकवून पाहिलं. तेवढ्यात खाली पाहुण्यांचे अभिप्राय दिसले. कालचाच, नांदेडच्या मेहुण्याचा, नामदेवरावांचा होता, इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठीत. 'नवीन रूप पाहिले. अक्काचे पान पुन्हा वाचले. शब्द न् शब्द काळजाला भिडला.'

खोट या कॅफेच्या संगणकात असणार, असं ठरवून ते दुसऱ्या कॅफेत गेले. तिथेही खिचडी. तिसरीकडेही तीच. शेवटी त्यांनी बूथवरून न्यू जर्सी लावलं.

"कौस्तुभ, अक्षरं नीट दिसतात का रे?"

"एकदम क्लिअर, बाबा!"

"आईचं पान वाचलंस?"

"परवाच पुन्हा वाचलं."

"शेवट कसा वाटला?"

"शेवटच तर बेस्ट आहे. आईचा स्वभाव बरोबर पकडलाय तुम्ही."

हिम्मतरावांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला. पोरगा इंग्रजी शाळेतला, दुसरी भाषा तेलुगू. मराठी बोलायचा फाडफाड, पण ती वाचायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. हे बापाला ठाऊक होतं. आशा मात्र वेडी असते. म्हणजे दहा महिने ज्या न्यायाधीशापुढे ते हात जोडून उभे होते, त्याने कागद उघडलाच नव्हता!

आता निदान नामदेवरावांनी तरी वाचलं असेल, म्हणून वर्षश्राद्धापर्यंत त्यांनी कळ काढली. नामदेवराव आले ते दोनशे पुस्तिकांचा गठ्ठा घेऊनच.

"दाजी, अक्काची आठवण म्हणून छापली. साइटवरून जशीच्या तशी. कानामात्रेचा फरक नाही!"

कानामात्रा असती तर फरक पडला असता. अकरा पानं खिचडी, वर भामाबाईंचा फोटो. जेवणं झाल्यावर वाटप झालं. माणसांनी पानं उलटली, माना डोलावल्या. एका म्हाताऱ्याने पुस्तिका कपाळाला लावली. "मंत्र दिसतायत," कुणीतरी हळूच म्हणालं, तर शेजारणीने पायातल्या चपला काढून बाजूला सरकवल्या.

"नामदेवराव, तुम्ही वाचलंत हे?" हिम्मतरावांनी विचारलं.

"वाचलं म्हणजे? तीनदा! चष्मा ओला झाला, दाजी."

दुसऱ्या दिवशी हिम्मतराव वही आणि एक पुस्तिका घेऊन मलकपेठेत दीपमालाकडे गेले. परभणीकडची ही बाई तिथे लग्नपत्रिका टाइप करून द्यायची, मराठी, हिंदी, तेलुगू, हवी ती. तिने पुस्तिका बघितली आणि पहिल्याच पानावर तोंड वाकडं केलं.

"काका, हे कोण छापलं? जुन्या सर्व्हरवर फॉन्टची फाइल होती, ती नव्यावर आलीच नाही. म्हणून असं दिसायलंय. सगळं परत टाइप करावं लागतंय."

"करा. ही वही घ्या."

ते समोरच्या स्टुलावर बसले. दीपमालाची बोटं सरसर चालत होती. सातव्या पानावर थांबली. तिने मागचं पान उलटून पुन्हा वाचलं.

"काका, हे खरं हाय?"

"हो."

"दुकानदार तिकडून सात डाव फोन लावायला, अन् तुम्ही रंग बदलत बसलाव?"

"हो."

"मग तुमची चूक हाय की. लई मोठी चूक."

हिम्मतरावांना रडू फुटलं. लग्नपत्रिका न्यायला आलेली माणसं बघत होती तरी त्यांनी ते आवरलं नाही. दीपमालाने पाण्याचा ग्लास पुढे केला, पण बोललेला शब्द काही मागे घेतला नाही.

"पाणी घ्या. पण चूक ती चूकच, काका."

"हो, बाई," ते म्हणाले. "चूकच." वर्षभरात पहिल्यांदाच त्यांचा श्वास छातीत न अडकता बाहेर पडला.

अकरावं पान संपायला दुपार झाली. शेवटचं वाक्य टाइप करून दीपमालाने फाइल सेव्ह केली. मग म्हणाली, "सीडीवर देऊ का? पोराला पाठवा. साइटवरलं ते चुकीचं काढून हे टाकंल तो."

हिम्मतरावांनी चष्मा पुसला आणि वही काखेत मारली.

"नको, तिथं आहे ते राहू द्या," ते म्हणाले. "सगळ्यांना फार आवडलंय."