परबच्या खिशातला साबण

साकीनाक्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये परब लेथवर होता. लेथवाल्याच्या खिशात पट्टी असते, पेन्सिल असते. परबच्या खिशात डबीतली लाल साबणाची वडी असायची.

कोणी तंबाखू मळायला घेतली की हा समोर हजर. "हात धुवलंस?" धुतले नसतील तर साबण पुढे. स्वतः तंबाखूला शिवत नसे, पण दुसऱ्याच्या चिमटीवर याचा पहारा. एकदा फोरमन वैतागला, "परब, तू काय माझी आई आहेस काय रे?"

"आयशीन शिकवल्यान आसता, तर माका कित्याक सांगूचा लागला आसता?"

फोरमनने हात धुतले. सत्यनारायणाला तर परबने तीर्थाची पळी उचललेल्या भटजींनाच हटकलं. भटजी भडकले, पण धुऊन आले. परबपुढे कोणाचं चालत नसे.

थंडीत आंब्याला मोहोर आला की हा पठ्ठ्या पंधरा दिवसांची रजा टाकून गावी जायचा, सोबत डझनभर साबण. "कोकणात साबण मिळत नाही का रे?" मी दरवर्षी चिडवायचो.

"साबण गावता. हात धुवणारो गावना नाय."

त्याचा थोरला भाऊ, दादा, बागायतदारांच्या कलमांवर रोजाने औषध मारायचा. उघड्या हातांनी कालवायचं, दिवसभर फवारायचं आणि त्याच हातांनी तंबाखू मळून तोंडात टाकायची. पंधरा दिवस परब साबण घेऊन त्याच्या मागे फिरायचा. हा परतला की दादा मोकळा.

एका वर्षी परब दादालाच नाहूरच्या खोलीवर घेऊन आला. मी भेटायला गेलो. दादाचे हात थरथरत होते, पोटात अन्न ठरत नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, औषध अंगात भिनलंय, पुन्हा पंपाला हात लावायचा नाही.

"मोहोर थांबता काय? माका जाऊ दी," दादा म्हणाला.

"जाऊचा नाय. मी बागायतदाराक कळवलंय."

दादाने तंबाखूची चंची काढली. हात हलला आणि चुना जमिनीवर सांडला. परब उठला. मोरीत जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, सराईतपणे तंबाखू मळली आणि चिमूट दादाच्या ओठात ठेवली.

"अरे, तुला मळता येते?" मी विचारलं.

"मी गावाक होतंय तेव्हा मीच मळून देय. ह्यो फवारणी करी, मी ह्येच्या तोंडात घाली. ह्येचो हात तंबाखूक लागत नाय होतो." तो जमिनीवरचा चुना पुसू लागला. "मगे मी मुंबैक इलंय."

इतकी वर्षं त्याला चिडवल्याची मला लाज वाटली.

परबने चंची माझ्यापुढे धरली. "तुका होयी?"

मी मोरीत गेलो आणि हात धुऊन आलो.